शमिकाची शिट्टी आणि पणजोबांचा वडा

त्या रविवारी शमिकाच्या गळ्यात शिट्टी होती आणि दात घासतानाही तिनं ती काढली नव्हती. सर्जापूर रोडच्या मागच्या तळ्याची राखण आज तिच्याकडे होती. तळं सांभाळणाऱ्या समितीचे प्रमुख देवाप्पा तिला कन्नडमध्ये बजावून गेले होते, "पुट्टी, पोरी, आज तुझी परीक्षा. कुणाला सूट दिलीस की शिट्टी परत."

गावकऱ्यांनी आणि फ्लॅटवाल्यांनी मिळून तळ्यातला गाळ उपसला होता, सांडपाणी वळवलं होतं. पाणी निवळलं, मासे दिसायला लागले, आणि लगेच लोक त्यांना ब्रेडपासून बिर्याणीपर्यंत सगळं भरवायला लागले. पाणी पुन्हा नासलं. म्हणून समितीनं नियम केला : पाण्यात अन्न टाकणाऱ्यानं तासभर जलपर्णी उपसायची. घरच्यांनी किंवा पाहुण्यांनी टाकलं, तर त्यांना घेऊन येणाऱ्यानं उपसायची.

हे दुसरं वाक्य शमिकाच्या आजोबांनी घालायला लावलं होतं. मधुकरराव सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते. नियमात फट दिसली की त्यांना जेवण जात नसे.

सकाळभर शिट्टी वाजवायची वेळच आली नाही. एका बाळाच्या हातातल्या बिस्किटाकडे शमिकानं इतकं रोखून पाहिलं, की बाळानं ते घाईघाईनं संपवून टाकलं.

मग सोवळं नेसून, हातात केळीचं पान घेऊन आजोबाच आले. पानावर खीर, भात, वडा. पितृपक्ष होता आणि आज त्यांच्या वडिलांची तिथी होती.

"आजोबा, अन्न?"

"काकबळी आहे. बाराव्या मजल्यावर कावळाच येत नाही. दोन कबुतरं आली, पण कबुतरांना आपल्यात मान नाही."

"पाण्यात पडलं तर?"

"बांधावर ठेवतोय. नियम पाण्याचा आहे, बांधाचा नाही. मला शिकवू नकोस."

कावळा समोरच्या फांदीवरच बसला होता. पानाकडे बघत होता, पण जागचा हलत नव्हता.

आजोबांनी हात जोडले. "बाबा, तुमचं घड्याळ दुरुस्त करून आणतो."

कावळ्यानं पंख खाजवला.

"बाबा, सांगलीच्या काकूंना फोन करतो."

काही नाही.

"बाबा, मी गोड सोडतो."

कावळ्यानं मान फिरवली.

"त्यांना कपाटातला पेढ्यांचा डबा माहितीये," शमिका म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे जळजळीत नजर टाकली आणि मग पडेल आवाजात म्हणाले, "डब्यासकट सोडतो."

कावळा झपकन खाली आला, त्यानं वडा उचलला आणि तळ्यावरून निघाला. आजोबांचे डोळे भरून आले. तळ्याच्या मधोमध कावळ्याच्या चोचीतून वडा सुटला. डुबुक!

शमिकानं पाण्याकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं. देवाप्पा बांधावरून येतच होते. तिनं छाती भरून श्वास घेतला आणि शिट्टी फुंकली.

"कुणाला वाजवलीस?" आजोबा म्हणाले.

"तुम्हाला."

"मी कुठे टाकला? कावळ्यानं टाकला!"

"नुसत्या कावळ्यानं?"

आजोबांची पंचाईत झाली. नुसता कावळा म्हणावं, तर श्राद्ध पोचलं नाही. बाबा म्हणावं, तर घरच्यांपैकी झाले.

शमिकानं देवाप्पांना कन्नडमध्ये सगळं समजावून सांगितलं. ते हसले नाहीत. त्यांच्याकडेही कावळ्यांना हसत नाहीत.

"वडीलच होते ना ते?" त्यांनी मधुकररावांना विचारलं.

"वडीलच होते," आजोबा म्हणाले.

"त्यांना इथे कुणी आणलं?"

"यांनीच," शमिका म्हणाली. "केव्हापासून बोलावत होते."

"सरी, ठीक आहे," म्हणत देवाप्पांनी मधुकररावांपुढे गमबूट ठेवले.

आजोबांनी सोवळं खोचलं आणि काठाच्या पाण्यात उतरले. "हयातीतही असंच," जलपर्णीचा पुंजका ओढत ते पुटपुटले. "त्यांनी सांडायचं आणि मी पुसायचं." कावळा परत येऊन निवांत खीर खात होता. शमिका बांधावरून दोघांवरही नजर ठेवून होती.

शिट्टी देवाप्पांनी परत मागितली नाही. तास भरल्यावर ती मागितली आजोबांनी. धोतराच्या सोग्यानं पुसून, उलटी करून त्यांनी ती झटकली.

"आत पाणी साचलंय," ते म्हणाले. "आवाज दबका आला. पलीकडच्या काठाला ऐकू कसा जाणार?"