कचेरीच्या दारातला नगारा

मित्रांनो, छिंगशी गावच्या सरकारी कचेरीच्या दारात उभा असलेला मी एक जुना नगारा. मी फिर्यादीचा नगारा आहे. अन्याय झालेल्याने मला वाजवायचे आणि अधिकाऱ्याने हातातला भाताचा वाडगा ठेवून बाहेर यायचे, अशी सम्राटाची आज्ञा होती. सुरुवातीला माझा मोठा मान होता. पुढे शिपायांनी माझे टिपरूच लपवले. फिर्याद नाही, म्हणजे प्रजा सुखी, असे वर कळवता येत असे!

मग पुराचे वर्ष आले. पिवळ्या नदीने बांध फोडला. राळ्याचे उभे पीक गाळाखाली गेले. सरकारी कोठार भरलेले होते, पण राजधानीच्या हुकमाशिवाय ते उघडायचे नाही, असा कायदा. हुकूम यायला चाळीस दिवस लागत. लोक झाडांच्या साली उकडून खाऊ लागले.

एका सकाळी ताओ हुई नावाची कोष्टीण आली. टिपरू दिसेना, तेव्हा तिने धुणे बडवायचे दांडकेच माझ्यावर हाणले. माझे वाळके कातडे चिरले. फार दुखले. पण आवाज निघाला.

अधिकारी लू चंगद बाहेर आले. नुकतीच त्यांची इथे नेमणूक झाली होती.

"कोणावर फिर्याद आहे, बाई?"

"तुमच्यावर, मायबाप."

शिपाई तिच्या अंगावर धावला. लू साहेबांनी त्याला अडवले. "बोलू दे तिला."

"कोठारात धान्य आहे ना? मग माझी सासू माती खाऊन का मेली?"

साहेब आपल्या कारकुनाकडे वळले. मग म्हणाले, "फांग, किल्ल्या आण."

म्हातारा कारकून फांग घाबरला. "साहेब, डोक्यावरची अधिकाऱ्याची टोपी जाईल!"

"जाऊ दे."

"आणि डोकंच गेलं तर?"

"मग टोपी हवीय कशाला? किल्ल्या आण!"

दुपारपर्यंत अंगणात राळ्याची पेज रटरटू लागली. ताओ हुई स्वतः वाढायला उभी राहिली.

हिवाळ्यात राजधानीचा हुकूम आला, तो लू साहेबांना बडतर्फ करण्याचा. डोके वाचले, टोपी गेली. ते निघाले तेव्हा सारा गाव वेशीवर जमला. लाडक्या अधिकाऱ्याला निरोप देण्याच्या आमच्या रीतीप्रमाणे लोकांनी त्यांचे बूट आठवण म्हणून काढून घेतले. साहेब बर्फातून अनवाणी गेले. फांग लहान मुलासारखा रडत होता.

आता चिमण्या माझ्यात घरटी करतात. मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला नुसते रंगवून सजवून ठेवू नका. तो वाजला, की उठून बाहेर या.