भंवरीबाईचा नियम

मंगरूळच्या बाजारात उत्तमचंद शेठचं किराणा दुकान भर दिवसा बंद पाहिलेला माणूस शोधून सापडायचा नाही. होळीच्या आधी बायको गेली, भंवरीबाई, तर तिसऱ्या दिवशी हा बाबा गल्ल्यावर हजर. लोक म्हणाले, छाती पाहा शेठची! छाती कसली डोंबलाची? त्याला काही वाटतच नव्हतं. ताटात काय वाढलं ते कळायचं नाही, झोप लागली की नाही ते आठवायचं नाही. डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं.

श्रावणातल्या एका संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकली, तशी सून टीनानं विषय काढला. "पप्पाजी, या रविवारी नरनाळ्याच्या किल्ल्यावर जाऊ. मम्मीजीची लय इच्छा होती."

इच्छा तर होतीच. भंवरीबाईचं माहेर अकोटचं. लहानपणी गच्चीवर पापड वाळू घालताना तिला सातपुडा दिसायचा, आणि वडील बोट दाखवून सांगायचे, तिथं वर नरनाळा आहे. लग्न होऊन आल्यापासून बाईचं एकच मागणं. "गच्चीवरून डोंगर लय पाह्यला. आता एकदा किल्ल्यावरून आमची गच्ची दिसते का पाहू." दागिना नाही मागितला, साडी नाही मागितली. दरवर्षी पावसाळा तोंडावर आला की तेवढं बोलायची.

मुलगा अर्हमनं मोबाईलवर रस्ता काढला. अकोल्यावरून अकोट, तिथून शहानूर आणि मग घाट. टीनाचं खाण्यापिण्याचं सुरू झालं. जैनांचा चौमासा, म्हणजे पालेभाजी नाही, आलू-कांदा तर नाहीच नाही. मुगाच्या पुऱ्या, दाणामेथीची भाजी, घरचं उकळलेलं पाणी, आणि दिवस बुडायच्या आत पुन्हा जेवण. किल्ला पाहायला निघालेत की लढवायला, असा सगळा सरंजाम! उत्तमचंद नुसती मान हलवत होता.

मग म्हणाला, "मी नाही येत. तुमी जा."

"काहून?" अर्हमनं विचारलं.

"नियम हाय. चौमासाभर मंगरूळची शीव ओलांडाची नाही. तुही माय दरसाल घेत होती. औंदा तिच्या जागी म्या घेतला."

हा नियम सगळ्या गल्लीला ठाऊक होता. चौमासा बसला की भंवरीबाई जैन स्थानकात जाऊन तिथं उतरलेल्या साधू महाराजसाहेबांसमोर हात जोडायची, चार महिने गाव सोडणार नाही म्हणून. उत्तमचंद गल्ल्यावरून अभिमानानं सांगायचा, "आमची बाई धर्माची पक्की. म्या नेतो म्हटलं तरी येनार नाही." सांगून सांगून त्याला ते खरंच वाटायला लागलं होतं.

टीनानं हातातलं ताट खाली ठेवलं. "पप्पाजी, एक सांगू? राग नका मानू. मम्मीजीसंग स्थानकात मीच जात होती. नरनाळ्याच्या गोष्टीवर तुमी 'दुकान कोन पाहीन' म्हटलं का त्या नियम घेत. म्या एकदा विचारलं, काहून स्वतःले बांधून घेता? तं म्हने, अकोटवाले फोनवर विचारतात ना, कवा येतं म्हनून. नियम हाय म्हटलं का बात खतम. तुह्या सासऱ्याले मंग कोनी नाव नाही ठेवत."

अर्हम मोबाईलमधून मान वर काढेना. उत्तमचंदनं पाण्याचा घोट घेतला. आता काहीतरी होईल, छातीत कळ तरी येईल, अशी त्यानं वाट पाहिली. काही आलं नाही.

"असं म्हने का?" एवढंच तो बोलला.

"मंग सोडा ना तो नियम," अर्हम म्हणाला. "महाराजसाहेबाले विचारू, प्रायश्चित्त देतीन."

"नाही. तिनं कवा मोडला का?"

रविवारी पहाटे गाडी निघाली. उत्तमचंद दारापर्यंत गेला, काचेशी वाकून टीनाला म्हणाला, "गच्ची दिसते का पाहजो." मग नेहमीसारखा दुकानात येऊन बसला.

दुपारी आसेगावचा धनसिंग मीठ न्यायला आला. बोलघेवडा माणूस, याला साऱ्या गावाच्या चौकशा! "शेठ, पोरं नरनाळ्याले गेले म्हन्तात. तुमी कायले राह्यले?"

"नियम हाय," उत्तमचंद म्हणाला.

अगदी तिच्यासारखं म्हणाला. अकोटचा फोन आला की ती अशीच म्हणायची, हसून, जसं काही जायची हौसच नव्हती. आणि हा बाजूलाच बसून वाटाणे निवडत असायचा.

"वा शेठ!" धनसिंग खूश झाला. "धर्माचे पक्के आहा तुमी!"

मिठाची पिशवी उत्तमचंदच्या हातातून काउंटरवर पडली. तो उठला. धनसिंगच्या खांद्याला धरून त्याला पायरीखाली उतरवलं.

"दुकान बंद हाय."

"आँ? भर दुपारी?"

शटर खडखडत खाली आलं. आत अंधार झाला. उत्तमचंद गहू भरलेल्या पोत्यावर बसला आणि त्याला रडू फुटलं, लहान लेकरासारखं, मोठ्यानं.

"भंवरी, बंद केलं पाह्य दुकान," तो म्हणाला. "चाल."

बाहेर धनसिंग शटर वाजवत होता. "शेठ, मीठ तं द्या!"

चौमासा संपून शीव ओलांडायला अजून कार्तिकी पुनव यायची होती.