राहून गेलेलं स्टूल

चित्रपट आपटला असता तर चित्रकारकाकांचं पाप केव्हाच पचलं असतं. पण तो मेला आपटायला तयार नव्हता. खरीखुरी बाई आणि काकांनी हाताने काढलेलं अस्वल यांची ती गोष्ट बघत पस्तीस वर्षांत पोरं मोठी झाली, आता त्यांची पोरं बघत होती. आणि निरोपाचा प्रसंग आला की सगळे हमखास हसायचे. बाई बोलतेय अस्वलाशी आणि बघतेय त्याच्या डोक्यावरून भिंतीकडे!

शूटिंगच्या वेळी अस्वल नव्हतंच. काठीला लावलेल्या लाल चेंडूकडे बघून ती बिचारी रडली होती. चेंडू उंचावर होता, कारण अस्वल स्टुलावर उभं राहणार होतं. तसं कागदावर लिहिलेलंही होतं. काकांनी घाईघाईत कागद न बघता अस्वल जमिनीवरच काढलं. चूक लक्षात आली तोवर शेकडो चित्रं रंगवून झाली होती. काकांनी तोंडाला कुलूप लावलं. 'नटीला धड बघताही येत नाही' असं छापून आलं, तरी ते निघालं नाही. तिला पुन्हा काम मिळालं नाही. एका शाळेच्या कचेरीत ती चिकटली ती चिकटलीच.

आता चित्रपट साफसूफ होऊन नव्याने लागणार होता. काकांनी हट्टाने तो प्रसंग मागून घेतला, महिनाभर खपून अस्वलाखाली स्टूल रंगवून त्याला वर चढवलं आणि तिला स्टुडिओत बघायला बोलावलं. चूक काय होती ते मात्र सांगितलं नाही. फेडायचं तेही चोरून!

पडद्यावर बाईने थेट अस्वलाच्या डोळ्यांत पाहिलं.

"माझी नजर खाली ओढलीत का हो?" तिने विचारलं.

"नाही. तुम्हाला हातही लावला नाही." काकांनी पडद्याकडे बोट दाखवलं. "स्टूल तेवढं काढलं. ते तेव्हाच काढायचं होतं. माझ्याकडून राहिलं."

"म्हणजे मी बरोबर बघत होते."

"हो."

"आणि तुम्हाला माहीत होतं."

काकांनी मान खाली घातली.

"टीव्हीवर लागला की मी बंद करायचे," ती म्हणाली. "मुलीला कधी बघू दिला नाही. लाज वाटायची हो." तिने पर्स उचलली, पुन्हा खाली ठेवली. "ती बाहेर गाडीत बसलीय. तिला बोलवा. आणि मी नाही, तुम्हीच सांगा तिला."