बारा इंचांवरचं शहर

दुकानाच्या भिंतीवर आशियाचा नकाशा टांगून शिंपी सकाळपासून त्याची मापं घेत होते. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल, आणि चेहरा असा की आख्खा खंड ट्रायलला आलाय.

कारण साधं होतं. त्यांच्या मुलीला परदेशात, चष्म्याची भिंगं बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली होती. होकार आज पाचपर्यंत कळवायचा होता. बाबा हो म्हणाल्याशिवाय जाणार नाही, असं ती मोठ्या तोऱ्यात बोलून बसली होती आणि आता नखं खात होती.

"चौदा इंच," बाबा म्हणाले. "इंचाला पाचशे किलोमीटर. झाले सात हजार. जमायचं नाही."

"बारा आहेत, बाबा. मी मोजलेत."

"बारा अधिक दोन. दोन इंच जादा धरायचेच. नेमकं कापलं की नंतर रडायची पाळी."

"शहर धुतल्यावर आटत नाही, बाबा."

कोपऱ्यात बटणं लावत बसलेली आई नाकातल्या नाकात हसली. तिच्या डोक्यावरच्या भिंतीवर तिने गेल्या आठवड्यात आणलेलं नवं घड्याळ होतं. ते भलतीच वेळ दाखवायचं आणि ती कुणाला हात लावू देत नव्हती.

बाबांनी मग विमानाचं वेळापत्रक पुढे ओढलं. जाताना सकाळी नऊला निघून रात्री साडेआठला पोचायचं. येताना नऊला निघून दुपारी दीडला घरी. त्यांचा चेहरा खुलला.

"जायला साडेअकरा तास, यायला साडेचार. मग आधी सांगायचं नाही का? साडेचार तासांत माझी एक पँट होते. जा तू."

होकार आयता पदरात पडला होता. गप्प बसली असती तर काम फत्ते होतं. पण मापाला उभं राहताना पोट आत ओढून खोटं माप देऊ नये, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"बाबा, तिथली घड्याळं आपल्यापुढे साडेतीन तास आहेत. जाताना आठ आणि येतानाही आठच."

बाबांनी टेप गुंडाळला. त्यांना वाईट वाटलं होतं आणि ते लपवता येत नव्हतं. "बघू," ते म्हणाले. "पाचला अजून पावणेचार तास आहेत."

"पंधरा मिनिटं," आई दोरा तोडत म्हणाली. "पाच तिकडचे. तिकडे पावणेपाच झालेत."

दोघांनी वर पाहिलं. नवं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं. मुलीने फोनवर आलेलं नोकरीचं पत्र पुन्हा वाचलं. पाच तिकडचेच होते. आताच बाबांना शहाणपण शिकवणारी ती, स्वतः इकडचे पाच धरून बसली होती.

"हे घड्याळ तू त्यासाठी आणलंस?" बाबांनी विचारलं.

"मग? पोरगी जेवली असेल का, याचा रोज बोटांवर हिशोब करू?"

"म्हणजे तू आठवड्यापूर्वीच हो म्हणालीस."

"तुम्ही मोजत होतात. म्हटलं, मोजू दे."

बाबांनी टेप उलगडून नकाशावर पुन्हा लावला. या वेळी जादा काही धरलं नाही.

"बारा," ते म्हणाले. "तुझा पहिला फ्रॉक एवढाच होता."

मुलीने फोनवर होकार लिहिला आणि बाबांकडे पाहत राहिली.

"बघत काय बसलीस? पाठव," बाबा नव्या घड्याळाकडे पाहत म्हणाले. "पाचला दहा कमी आहेत."