अर्ध्या खोलीची भिंत

मी भिंत बोलतेय. विटांची नव्हे, प्लायवुडची. पण खोली दाखवताना मालक मला भिंतच म्हणतात, म्हणून मीही स्वतःला तेच म्हणवून घेते.

पूर्वी इथे एकच मोठी खोली होती. तिचं भाडं झेपेना म्हणून आधीचं कुटुंब निघून गेलं आणि तेवढं भाडं देणारं दुसरं कुणी मिळेना. मग मालकांनी सुताराला बोलावलं. गॅलरीत उघडणारी दोन दारं होतीच, त्यांच्या बरोबर मधे त्याने मला ठोकून उभं केलं. खिडकी मात्र एकच. ती कोणत्या बाजूला ठेवू, असं त्याने विचारलं.

"जो जास्त भाडं देईल त्याच्या बाजूला," मालक म्हणाले.

प्लाय कमी पडला, म्हणून माझ्या डोक्यावर छतापर्यंत हातभर फट राहिली. मालक म्हणाले, असू दे, तेवढीच हवा खेळेल.

खिडकीच्या बाजूला एका कँटीनमधला आचारी आणि त्याची बायको राहायला आले. मालकांनी त्यांना बजावलं होतं, दोघंच राहायचं, लेकरूबाळ चालणार नाही. अंधाऱ्या बाजूला इस्पितळात आयाचं काम करणारी बाई आली. एकटीच आहे, असं सांगून तिने खोली घेतली. सामान लागल्यावर एके दिवशी ती आपल्या म्हाताऱ्या वडिलांना हाताला धरून वर घेऊन आली.

खोटं बोलायची तिला हौस नव्हती. घरं बघून बघून तिच्या चपला झिजल्या होत्या. वडील सोबत आहेत म्हटलं की कुणाची भाची अचानक राहायला येणार असे, तर कुणाला घराला रंग काढायचा असे. एका एजंटाने तेवढं सरळ सांगितलं होतं, "आजारी म्हातारा एकदा आत आला की त्याला बाहेर कसा काढायचा, बाई?"

म्हातारबुवांनी सारी उमर छापखान्यात काढली होती आणि छातीत खोकला घेऊन बाहेर पडले होते. जिन्यावर मालकांचा आवाज आला की ते उशीत तोंड खुपसत. मुलगी कामावर जाताना बाहेरून कुलूप लावायची. आत कुणी नाही असं वाटायला हवं ना! दुसरी किल्ली ते स्वतःच्या खिशात ठेवायचे, पण आतून कुलूप कसं उघडणार?

एका दुपारी त्यांना ढास लागली, ती थांबेच ना. आचाऱ्याची बायको माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

"आजोबा, पाणी देऊ का?"

पलीकडे खोकला उशीत दडपला गेला. मग बारीक आवाज आला, "मी इथे राहत नाही, पोरी."

ती हसली. "बरं. मग जे राहत नाहीत त्यांना पाणी हवंय का?"

स्टुलावर चढून तिने वरच्या फटीतून बाटली सोडली. त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली. छापखान्यातल्या चुकांचे किस्से सांगून ते तिला हसवायचे. एका लग्नपत्रिकेत त्यांनी नवऱ्याच्या जागी सासऱ्याचं नाव छापलं होतं म्हणे. तिने त्यांना सगळ्यात आधी सांगितलं की तिला दिवस गेलेत.

"म्हणजे तुझ्याकडेही एक न राहणारं माणूस आलं," ते म्हणाले.

पण पोट किती दिवस लपणार? मालकांनी तिला जिन्यात पाहिलं आणि महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं.

आचारी सुट्टीच्या दिवशी घरं बघत फिरू लागला. एका जागी नळ तीन मजले खाली होता. एक खोली इतकी लांब होती की पहिली बस धरूनही तो न्याहारीच्या वेळेला कँटीनमध्ये पोचला नसता. एकीकडे बायकोला घेऊन गेला, तर तिच्याकडे बघूनच दार लागलं. घरी आला की तो मला पाठ टेकून बसायचा. त्याच्या हुंदक्यांनी माझे खिळे हलायचे आणि पलीकडे म्हातारबुवा खोकला दाबून धरायचे.

मग एकदा तो उठून खाली मालकांकडे गेला.

दुसऱ्या दिवशी आयाबाई कामावरून येते न येते तोच मालक तिच्या मागोमाग आत शिरले. चार दिवसांची मुदत द्या, म्हणून तिने हात जोडले. मालक म्हणाले, विश्वासघात केलास. म्हातारबुवा तेवढ्यात आपली चप्पल शोधायला लागले होते. खाटेखाली हात घालता घालता मुलीला म्हणाले, "चल गं. यांना उगाच उशीर."

आचाऱ्याला राहू दिलं गेलं, बाळासकट. भाडं तेवढं वाढलं.

"मालकांना कुणी सांगितलं?" बायकोने विचारलं.

तो बुटांच्या नाड्या सोडत बसला. "दोघांपैकी एकाला जावंच लागणार होतं."

"मी त्यांना आजोबा म्हणत होते."

"मग बाळंत कुठे झाली असतीस? सांग ना."

ती कूस बदलून माझ्याकडे तोंड करून पडली.

मुलगी झाली. ती चांगली मान धरू लागली असेल, तेव्हा आयाबाई राहिलेली खुर्ची न्यायला आली. बाळाच्या आईने तिला आत बसवलं, पण नजर काही वर उचलेना. आयाबाईनेच सांगितलं. वडिलांना तिने इस्पितळात भरती केलं होतं. तिथून सोडलं की धर्मशाळेत, तिथली मुदत संपली की पुन्हा इस्पितळात. ती घर बघतेय. बघतेच आहे.

"ताई, आमच्या यांनीच..." बाळाची आई म्हणू लागली.

"ठाऊक आहे." आयाबाईने बाळाचं टोपडं सारखं केलं. "त्याच्या जागी मी असते, तर मीही सांगितलं असतं."

खुर्ची उचलून ती गेली. अडवायला कुणी उठलं नाही. अडवून ठेवणार कुठे?

आता अंधारी बाजू बघायला माणसं येतात. काल मालक माझ्यावर हात मारून म्हणाले, अजून एक अशीच घातली की तीन खोल्या होतील. मला पाडा, अशी विनवणी करावी असं फार वाटतं. पण मी पडले तर ही खोली पुन्हा अख्खी होईल, आणि अख्ख्या खोलीचं भाडं या दोन्ही घरांतल्या कुणालाच झेपणार नाही. म्हणून एवढंच मागते, तुम्ही इथे राहायला आलात आणि पलीकडून कुणाचा खोकला ऐकू आला, तर पाणी हवंय का तेवढं विचारा. आणि खाली जाऊन काही सांगू नका.