धरमकाट्यावरची मशीन

"चार घंटे झाले, एकदाही बंद नाई पडली," स्क्रू काढायचा पेचकस खिशात ठेवत अकरम म्हणाला. "मशीन शंभर टक्के बरोबर हाये, गुणवंतराव."

राजुऱ्याबाहेर, कोळशाच्या रस्त्यावर गुणवंतरावांचा ट्रक तोलायचा धरमकाटा होता. काट्याच्या खोलीत तेव्हा स्वतः गुणवंतराव होते, दोन ट्रक ड्रायव्हर होते आणि खुर्चीमागे मुखरू उभा होता. मुखरू सहा वर्षांपासून इथे वजनं घ्यायचा. गाडी काट्यावर चढली की कॉम्प्युटरवर वजन उमटायचं, मुखरू पावती काढून द्यायचा. दसऱ्याला अकरमनं स्वतः एकेक पार्ट निवडून, जोडून नवा कॉम्प्युटर बसवून दिला, आणि तेव्हापासून तो अधूनमधून गोठायला लागला. पडदा जसाच्या तसा, माऊस हलत नाही, बटणं दाबून उपयोग नाही. अशा वेळी मुखरू खिडकीवर उमटणारा काट्याचा आकडा पाहून हातानं पावती लिहायचा.

हाताच्या पावत्या वाढल्या, तसा मालकाचा संशय वाढला. गाड्या हलक्या दाखवायला मुखरूच मशीन बंद पाडतो, असं कोणीतरी त्यांच्या कानात घातलं होतं.

"अकरमभाऊ, गाड्या येत राह्यल्या का बरोबर चालते थे," मुखरू म्हणाला. "गाडी नसली, मी नुसता बसून असलो, का मंग गोठते. मी पाह्यलं नं."

"एकटीले करमत नाई का तिले?" अकरम म्हणाला. ड्रायव्हर हसले.

गुणवंतराव हसले नाहीत. "बनवणारा म्हणते मशीन बरोबर हाये. मंग मी काय समजू, मुखरू? उद्यापासून येऊ नको."

मुखरूनं अकरमकडे एकदा पाहिलं. खुंटीवरची पिशवी काढली आणि काट्याच्या लोखंडी पाट्यांवरून चालत रस्त्याला लागला. खिडकीवरच्या आकड्यांत त्याचं वजन क्षणभर उमटलं आणि पुसलं गेलं.

अकरमला त्या दिवशी फारसं काही वाटलं नाही. रेडिओ दुरुस्त करण्यापासून त्यानं सुरुवात केली होती. टीव्ही आले तसे टीव्ही शिकला, कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर. 'अकरमभाई बोलला म्हणजे झालं,' असं गावात म्हणत. त्या शब्दाची त्यालाही सवय झाली होती.

पुढच्या आठवड्यात गुणवंतरावांनी चंद्रपूरहून कंपनीचा तयार कॉम्प्युटर आणला आणि जुना अकरमला परत केला. अकरमनं तो दुकानात काउंटरवर मांडला. दिवसभर त्यावर गिऱ्हाइकांच्या सीड्या लावून बघायचा. मशीन छान चालत होती. शुक्रवारी ती तशीच चालू ठेवून तो जुम्म्याच्या नमाजाला गेला आणि येऊन बघतो तर पडदा गोठलेला. लाइट कमीजास्त झाली असेल म्हणून त्यानं सोडून दिलं.

सोमवारी शमसुन्निसा, त्याची बायको, डबा घेऊन दुकानात आली. तो जेवत असताना तिनं पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"ये घड़ी बंद है क्या? मैं आई तब भी एक बजके दस हो रहे थे."

अकरमचा घास हातातच राहिला. भिंतीवरच्या घड्याळात दीड वाजत आले होते. मुखरूचं बोलणं त्याला आठवलं: गाडी नसली, मी नुसता बसून असलो, का मंग गोठते.

त्यानं हात धुतले आणि मशीन पुन्हा सुरू केली. नव्या जातीचा प्रोसेसर होता. काम नसलं की वीज वाचवायला तो आपला विजेचा दाब उतरवून डुलकी घ्यायचा, काम आलं की जागा व्हायचा. अकरमनं चार तास तपासला, पण सगळा वेळ त्याला कामाला जुंपून. तो झोपेल कसा? मशीन सुरू होतानाच्या निळ्या पडद्यावर त्यानं त्या डुलकीची सोय शोधून बंद केली. मग दुसऱ्या दिवशी सकाळपासून हात मांडीवर ठेवून समोर बसला. गिऱ्हाइकं परत पाठवली. पडद्यावरचं घड्याळ संध्याकाळी मगरिबच्या अजानपर्यंत चालत राहिलं. बुधवारी त्यानं ती सोय परत सुरू केली. पन्नास मिनिटांत घड्याळ थांबलं. पुन्हा बंद केली, पुन्हा दिवसभर चाललं. मग त्यानं पेटी उघडली. आतला वीज देणारा डबा त्यानंच निवडलेला, हलका. प्रोसेसर झोपला की तेवढी बारीक वीज तो डबा नीट सांभाळू शकत नव्हता. त्या जागी भारी डबा बसवल्यावर डुलकी घेऊनही मशीन जागी होऊ लागली.

आता शंकेला जागाच उरली नाही. असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटून गेलं.

शनिवारी सकाळी तो काट्यावर गेला. गुणवंतरावांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुमच्या शब्दावर काढलं मी त्याले," ते म्हणाले.

"म्हणूनच आलो."

"बरं. त्याले म्हणा, ये परत."

कोरपन्याच्या पुढे, मुखरूच्या गावी बस पोचली तेव्हा उन्हं तापली होती. मुखरू आणि त्याची बायको भागीरथा वावरात कापूस वेचत होते. अकरम धुऱ्यावरूनच, बांधावर थांबून बोलायला लागला, कारण जवळ गेल्यावर बोलणं जमेल याची त्याला खात्री नव्हती.

"मुखरूभाऊ, तुमची काई चुकी नव्हती. मशीनच खराब होती. मी लावलेला डबा कमजोर होता. तुम्ही सांगतलं होतं, मी हसण्यावारी नेलं."

मुखरूचे हात बोंडावरून बोंडावर फिरत राहिले. "नीट झाली का आता?"

"झाली."

"मशीन नीट झाली, अन् आमचं?" भागीरथा उभी राहिली. कमरेची ओटी कापसानं फुगली होती. "चौघाइत चोर म्हणलं याले. थे बोलणं गावात पोचलं. माह्या भावानं विचारलं मले, किती गाड्या सोडल्या जवायानं म्हणून. इथी धुऱ्यावर सांगून काय होते?"

"कुठी सांगू, बाई?"

"पारावर चाला."

मुखरू वावरातून बाहेर आला. घरी जाऊन त्यानं हातपाय धुतले, पेटीतला धुतलेला पांढरा सदरा काढून घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली. मग तिघं पारावर गेले. दुपारची सात-आठ माणसं तिथे बसली होती. अकरमनं सोपं करून सांगितलं, पण काही गाळलं नाही. मशीन कशी झोपायची, जागी का होत नव्हती, मुखरूनं नेमकं काय सांगितलं होतं आणि आपण काय उत्तर दिलं होतं.

पत्रू नावाच्या म्हाताऱ्यानं शेवटी विचारलं, "म्हंजे झोपली मशीन अन् नाव गेलं याचं?"

"हो, बाबा. माह्यामुळं."

एकानं घसा खाकरला, दुसऱ्यानं अकरमसाठी चहा सांगितला. भागीरथानं पदरानं तोंड पुसलं आणि वावराकडे वळली.

पारासमोर बसची वाट पाहताना अकरमनं निरोप सांगितला. "गुणवंतराव म्हणते, परत या."

"तुम्ही इथवर आले," मुखरू म्हणाला. "त्यायले बलवाचं असंन, त त्यायनं यावं. नाईतर कापूस हाये अजून वेचाचा."

बस सुटली. मागच्या काचेतून अकरमला पार दिसत होता. माणसांनी सरकून मुखरूसाठी जागा केली होती, कोणीतरी हात करून बोलावतही होतं. मुखरू बसला नाही. त्यानं हात जोडले, सदऱ्याच्या बाह्या नीट घडी घालून वर सारल्या आणि वावराच्या वाटेला लागला.