पट्ट्याचे चौथे भोक

मित्रांनो, एका पत्राला वेळेवर उत्तर गेले नाही.

ते पत्र मला आले नव्हते. गुरांचे डॉक्टर मॅलकी टूही यांना आले होते. डिसेंबरचा पहिला आठवडा होता. त्यांनी ते वाचले, नीट घडी केली आणि पक्ष्यांवरच्या एका जाड पुस्तकात ठेवून दिले. पुढे त्यांनी ते आपल्या बहिणीला इतक्या वेळा वाचून दाखवले की मलाही पाठ झाले. त्यातली जवळजवळ प्रत्येक ओळ माझ्याबद्दल होती.

मी एक जुनी झूल आहे. मिरवायची नव्हे, पावसात घोड्याच्या पाठीवर टाकायची. मला गोंडे नाहीत, जरीकाम नाही. मला नीट सांगता येईल की नाही याचीही शंका वाटते, कारण माझा जन्मच मुळी झाकण्यासाठी झाला. उघडे करून दाखवण्याची मला सवय नाही.

लिमरिकच्या एका लहान कारखान्यात मला शिवले. वरून मेण लावलेले हिरवे जाड कापड, आतून लोकरीचे अस्तर. छातीशी दोन पट्टे आणि पोटाखालून जाणारा एक लांब चामडी पट्टा, पितळी बकलाचा. त्या पट्ट्याला भोके तीन. हा आकडा लक्षात ठेवा.

मला मिस ऊना स्कॅन्लन यांनी घेतले. त्या किलब्रॅकच्या शाळेत भूगोल शिकवत आणि उरलेला सगळा वेळ घोड्यापाशी असत. घोडा काळाभोर होता. गळ्याखाली पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा डाग, म्हणून नाव पार्सन, म्हणजे पाद्री. कुंपणे तो अशी ओलांडायचा की पाहणारे टोपी हातात घेऊन उभे राहत. एका वर्षी जत्रेत त्याला पहिल्या नंबरची लाल फीत मिळाली. परीक्षकाने ती पार्सनच्या लगामाला लावली आणि म्हणाला, "झूलही मोठी झोकात आहे हो." त्या एका वाक्यावर मी कितीतरी वर्षे काढली.

मिस स्कॅन्लन यांची एक सवय होती. रोज सकाळी, स्वतःचा चहा होण्याआधी, त्या माझ्याखाली कोपरापर्यंत हात घालत आणि तळवा पार्सनच्या बरगड्यांवरून सावकाश फिरवत. हात गार असायचा. पार्सनची कातडी थरथरायची.

"काय म्हणतात बरगड्या? लपल्यात ना?" त्या विचारायच्या. "लपू देत. पण मांसाखाली लपायचं बरं का, कापडाखाली नाही."

मग त्या पट्टा दुसऱ्या भोकात लावत. टोक चार बोटेही उरत नसे. चौदा हिवाळे असे गेले.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्या अंगणात घसरल्या आणि त्यांचे कमरेचे हाड मोडले. भाचीने त्यांना डब्लिनला आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात नेले. पार्सन तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. त्याला दरमहा पैसे देऊन ठेवले रेडमंड फॅरेल यांच्या कुरणावर. दारात रंगवलेली पाटी होती, 'निवृत्त घोड्यांचा विसावा'. रेडमंड मोठा गोड माणूस. चर्चमध्ये तो डॉक्टर टूहींच्या शेजारी उभा राहून गायचा.

"मिस स्कॅन्लन, तुमचा पार्सन आता पेन्शनर," तो म्हणाला होता. "काम एकच, खायचं आणि वारा सोडायचा."

त्या रडता रडता हसल्या होत्या. जाताना त्यांनी माझ्याखाली हात घातला आणि बराच वेळ काढला नाही.

पहिला उन्हाळा बरा गेला. गवत होते. ऑक्टोबरात रेडमंडने मला पार्सनच्या पाठीवर टाकले, बकल लावले आणि तो गेला. मित्रांनो, ते बकल पुढे फक्त पट्टा आवळण्यापुरते सुटले. मी त्या पाठीवरून फेब्रुवारीपर्यंत उतरले नाही.

म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, वेडेवाकडे होतात. ते कानशीने घासावे लागतात आणि दाणा भिजवून मऊ करून द्यावा लागतो. पार्सनपुढे कोरडे गवत टाकत. तो ते तोंडात घोळवी, गोळा करी आणि गोळा खाली टाकी. चिखलात असे हिरवे गोळे पडलेले असत. येणारा-जाणारा ते बुटाने बाजूला सारी.

मी भिजत होते, वाळत नव्हते. अस्तर कुजले. माझ्याखाली उवा झाल्या, कातडी सोलली, पू झाला, त्या पुवाला माझी लोकर चिकटली. मीच त्याला बोचत होते आणि मीच ते झाकत होते. हे सांगताना मला माझीच किळस येते. पण माझ्यापेक्षा जास्त किळस मला त्या फोटोंची येते.

दर महिन्याच्या एक तारखेला रेडमंड मिस स्कॅन्लन यांना पाठवायला फोटो काढी. आधी ओल्या गोणपाटाने पार्सनचे तोंड आणि तो पांढरा डाग पुसायचा. मग बादली हलवायची. दाण्याचा आवाज आला की पार्सनचे कान टवकारत, मान वर येई, डोळे चमकत. खट्. फोटो निघाला. बादलीत दाणे नसत. मूठभर खडे असत. हुबेहूब वाजतात.

आता तुम्ही विचाराल, दुसरे कोणी येत नव्हते का? येत होते. तेच तर सांगायचे आहे.

दर आठ आठवड्यांनी एन्डा कवाना येई. तो नालबंद. खूर कापायला वाकला की त्याचा खांदा मला टेके आणि माझ्याआडून हाड त्याला टोचे. तो खांदा जरा सरकवून घेई. जाताना एकदाच म्हणाला, "हिवाळ्यात म्हातारी जनावरं अंगानं उतरतातच." कोणाला म्हणाला, कोणास ठाऊक. तिथे पार्सनशिवाय कोणी नव्हते.

नोव्हेंबरात डॉक्टर टूही आले. बावीस घोड्यांना लस टोचायची आणि बावीस दाखल्यांवर सही करायची. पाऊस आडवा येत होता. सुई मानेत देतात आणि मान माझ्या बाहेर असते. त्यांनी सुई दिली. मग त्यांचा हात खाली आला आणि माझ्या काठापाशी थांबला. दोन बोटे आतही गेली. मी श्वास रोखला, झुलीला श्वास असेल तर.

"भिजवू नका हो त्याला डॉक्टर," रेडमंड म्हणाला. "आत्ता कुठं गरम झालाय बिचारा. चला आत, बायकोनं केक कापलाय."

बोटे बाहेर आली. मोटारीच्या टपावर छत्री धरून त्यांनी बावीस सह्या केल्या. प्रकृती उत्तम. प्रकृती उत्तम. प्रकृती उत्तम.

दहा दिवसांनी रेडमंडने एक मोठा खिळा आणला आणि माझ्या पट्ट्याला चौथे भोक पाडले. तिसऱ्यात मी घसरत होते. घसरलेली झूल फोटोत वाईट दिसते.

आणि मग ते पत्र आले.

'प्रिय डॉक्टर, एक तारखेचा फोटो मिळाला. पार्सन छान दिसतो आहे. पण पोटाखालच्या पट्ट्याचं टोक वीतभर लोंबतंय. माझ्याकडे असताना ते चार बोटंही उरत नसे, आणि पट्ट्याला भोकं तीनच आहेत. मला अजून जिना उतरता येत नाही, नाहीतर मीच आले असते. तुम्ही झुलीखाली हात घालून पाहाल का? मला एकच ओळ लिहा. ऊना स्कॅन्लन.'

काय लिहिणार? 'उत्तम आहे' लिहावे, तर हात घातला नव्हता. 'हात घातला नव्हता' लिहावे, तर सही केली होती. कुरणावर जाऊन पाहता आले असते. पण मग रेडमंडच्या शेजारी उभे राहून नाताळची गाणी कशी म्हणायची? पत्र पक्ष्यांच्या पुस्तकात गेले. डब्लिनच्या तिसऱ्या मजल्यावर एक बाई रोज टपालाच्या वेळी दाराशी जाऊन बसू लागली.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी पार्सन खाली बसला तो उठलाच नाही. रेडमंडने डॉक्टरांना बोलावले. एन्डा त्या दिवशी दुसऱ्या घोड्याचे खूर करत होता, तोही आला.

डॉक्टर चिखलात गुडघ्यांवर बसले. बकल गंजले होते, ते निघेना. एन्डाने पकडीने उघडले. मला ओढताना कातडीचा आणि लोकरीचा चरचर आवाज झाला, आणि वास असा सुटला की रेडमंड दोन पावले मागे गेला. खाली घोडा नव्हता, घोड्याचा सांगाडा होता. त्यावर कातडे होते, त्या कातड्याला छिद्रे होती, आणि त्यांत उवा वळवळत होत्या. मान मात्र स्वच्छ. पांढरा डाग पुसलेला.

एन्डाने पकड खिशात घातली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल, डॉक्टर," तो म्हणाला. "तुमची सही होती ना."

"मला वाटलं, काही असतं तर तू बोलला असतास. तू तर दर दोन महिन्यांनी येतोस."

"मी खुरांचा माणूस. पाठ माझ्याकडे नसते."

"वय झालं होतं हो," रेडमंड म्हणाला. "भांडता कशाला? म्हातारपण ते. आपण सगळेच जाणार."

मित्रांनो, मी चिखल पाहिला आहे, शेण पाहिले आहे, पूही पाहिला आहे. या चार उत्तरांइतके घाण काही मी पाहिलेले नाही.

डॉक्टरांनी पार्सनला शेवटचे इंजेक्शन दिले. दुसरा उपाय उरला नव्हता. सुई देताना त्यांचा दुसरा हात पार्सनच्या बरगड्यांवर होता. पार्सनची कातडी थरथरली. त्याला कोणाचा हात वाटला असेल, ते मी सांगू शकत नाही.

मग ते उठले. "एन्डा, बाकीच्या झुली काढ," ते म्हणाले.

"अहो, थंडी किती आहे!" रेडमंड ओरडला. "मॅलकी, वेडा झालास का? आपण एकत्र गातो रे!"

"काढ."

एकवीस झुली कुंपणावर लटकल्या, हिरव्या, निळ्या, चौकडीच्या. कुरण एकदम बारीक झाले. नऊ घोडे पार्सनच्याच वाटेवर होते. त्याच दुपारी डॉक्टरांनी जनावरांच्या छळाची चौकशी करणाऱ्या बाईंना बोलावले. त्यांनी माझे फोटो काढले, भोके मोजली आणि ते नऊ घोडे गाडीत घालून नेले. मला डॉक्टरांनी घरी नेले.

रेडमंडने मात्र डॉक्टरांच्या आधीच डब्लिनला फोन करून टाकला होता. म्हणून त्या आठवड्यात दुसरे पत्र आले.

'प्रिय डॉक्टर, रेडमंडचा फोन आला. पार्सन झोपेत गेला आणि शेवटी तुम्ही त्याच्याजवळ होतात, हे ऐकून बरं वाटलं. डिसेंबरात मी पट्ट्यावरून काहीबाही लिहिलं होतं. म्हातारीचा संशय. इतक्या भल्या माणसांवर घेतला याची लाज वाटते. त्या पत्राला उत्तर देऊ नका.'

डॉक्टरांची बहीण डिम्फना त्यांच्याबरोबर राहते. मी त्यांच्या अभ्यासाच्या खोलीत, खुर्चीवर पडले होते.

"मॅलकी, त्या चिंधीला मुताचा वास येतोय, आणि तू तिच्या शेजारी बसून चहा पितोस," ती म्हणाली. "एक तर तिला बाहेर काढ, नाहीतर तू तरी जा."

"उत्तर लिहायचंय."

"ती नको म्हणतेय ना! सरळ लिहिलंय. आता खरं सांगून काय घोडा उठणार आहे? बाई शांत झोपतेय, झोपू दे."

"ती माझी माफी मागून झोपतेय, डिम्फना. माझी."

 डिम्फनाने कप उचलला आणि ती म्हणाली, "मग चांगल्या अक्षरात लिही. तुझं अक्षर डॉक्टरचं आहे."

त्यांनी सहा कागद फाडले. एकात पाऊस फार होता असे होते. एकात घोडे बावीस होते असे होते. सातव्यात काहीच कारण नव्हते.

'प्रिय मिस स्कॅन्लन, तुमच्या डिसेंबरच्या पत्राचं हे उत्तर. पट्ट्याला आता चार भोकं आहेत. चौथं खिळ्यानं पाडलेलं आहे. नोव्हेंबरात माझा हात पार्सनच्या झुलीच्या काठावर होता. मी तो आत घातला नाही, आणि प्रकृती उत्तम अशी सही केली. पार्सन झोपेत गेला नाही. तो उपासमारीनं खचला, आणि मग मी त्याला इंजेक्शन दिलं. तुम्ही डब्लिनहून फोटोत पाहिलंत ते मी शेजारी उभा राहून पाहिलं नाही. तुमचा संशय खरा होता. माझ्या सहीबद्दल मी आमच्या पशुवैद्यांच्या परिषदेलाही लिहिलं आहे. पट्टा सोबत पाठवतो. तो तुमचा आहे. मॅलकी टूही.'

मग त्यांनी खूर कापायची सुरी घेतली आणि माझा पोटाखालचा पट्टा बकलासकट कापला. मला दुखले नाही. उलट इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काही उघडे केल्यासारखे वाटले.

मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या डॉक्टर होतील, नालबंद होतील, दाखल्यांवर सह्या करतील. म्हातारी जनावरे आणि म्हातारी माणसे तुमच्यापुढे झाकून आणली जातील, तोंड पुसून, केस विंचरून. त्यांना बोलता येणार नाही, आणि आम्हा झुलींनाही. आत केक कापलेला असेल. तुम्ही आधी हात आत घाला. गार असला तरी चालेल.

डॉक्टर मोटारीने चौकात आले. मी मागच्या सीटवर होते, खिडक्या उघड्या होत्या. टपालाच्या हिरव्या पेटीच्या फटीत पाकीट जाईना, पट्ट्याने ते फुगले होते. डॉक्टर जरा थांबले. वाटले, आता परत फिरतील. मग त्यांनी दोन्ही हातांनी ते आत ढकलले, आणि पेटीच्या तळाशी माझे बकल वाजले.